अव्याची आतली बातमी

"आज्जी, भेटायला येतो" असं गेल्या पोस्टखाली लिहून विसरलेल्यांनो, मी अजून जित्ती हाय. मी बोलते, नात लिहिते.

आज भिगवणचे पाव्हणे माझ्या नातवाला, सागरला, बघायला आले. तो पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत. दुसरा नातू अविनाश मोबाईलवर कंप्युटरच्या धंद्याच्या बातम्या देतो. पाव्हण्यांपुढं मिरवायला त्यानं आपला ताजा व्हिडिओ टीव्हीवर लावला.

टीव्हीतला अव्या एका कंपनीचं नाव घेऊन सांगत होता, "त्यांनी माणसं काढली, काम आता मशीन करतंय. जे नवं शिकत नाहीत, त्यांची कीव करू नका."

मुलीच्या बापानं कप खाली ठेवला. "सागरराव, ही तुमचीच कंपनी ना?"

सागरच्या आधी अव्याच बोलला, "पक्की बातमी हाय, मामा. आतल्या माणसानं दिलीय."

"मीच सांगितलं त्याला," सागर म्हणाला. "मलाबी काढलं. घरी बोलू नको म्हणलं हुतं."

पाव्हणे "परत येतो" म्हणून उठले. असं म्हणणारे कदी येत न्हाईत.

मी अव्याला इचारलं, "किती जणांनी बघितलं रं?"

"लई, आज्जे. आजवर एवढं कुणी बघितलं नव्हतं."

"मग त्यातलीच एखादी पोरगी बघ भावासाठी."

बातमी खरी होती. म्हणून सांगणारा चांगला ठरतो का, तुमीच सांगा.

सागर अजून जेवला न्हाय. त्याला धीराचे मेसेज नकोत, मटणाचा रस्सा अन् बाजरीची भाकरी पाठवा. अव्याला काय पाठवू नका, त्याचं पोट लाइकवर भरतं.