टाचणीआत्याची चार बोटं

आमच्या बैठकीच्या खोलीत जो जुना फोटो होता, त्यात माणसं चार आणि बोटं चार जास्तीची. मधे खुर्चीत आजोबा, जणू सगळं गाव त्यांच्याच मालकीचं. मागे थोरले काका आणि माझे बाबा. खुर्चीच्या बाजूला धाकटे काका, तेव्हा शाळेत जाणारे. चौघांच्याही अंगात नवे कोट. येणारा-जाणारा कोटांचं कौतुक करायचा. ते शिवले कोणी, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि आमच्याकडच्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही.

ते शिवले माझ्या आत्याने. भावंडांत ती सगळ्यात मोठी. आजी गेली तेव्हा तिची शाळा सुटली आणि आजीचं शिलाई मशीन तिच्याकडे आलं. त्या मशीनवर तिने तिन्ही भावांची शिक्षणं केली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा करताना तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून आम्ही पोरं तिला टाचणीआत्या म्हणायचो. तोंडात टाचण्या असलेलं माणूस उलट उत्तर देत नाही. त्यामुळे हिची कशाबद्दल काही तक्रार नाही, असं घरातल्यांनी आपल्या सोयीने ठरवून टाकलं होतं. तिच्या लग्नाचं बघायचंही असंच राहून गेलं.

फोटोची हकीकत मला तिनेच सांगितली होती. धाकट्याचा कोट वाढत्या अंगाचा शीव, म्हणजे दोन-तीन वर्षं चालेल, असा आजोबांचा हुकूम. आत्याने तसा शिवला. उरल्यासुरल्या कापडात तिने स्वतःसाठीही एक जाकीट बसवलं, खास फोटोसाठी. स्टुडिओत गेल्यावर फोटोवाला म्हणाला की हा मुलगा पोत्यात घातल्यासारखा दिसतोय. सोबतच्या टाचण्या थोरल्यांचे कोट मागून आवळण्यात संपल्या होत्या. आजोबांनी आत्याकडे पाहिलं.

"तू मागे बस आणि धर घट्ट."

नवं जाकीट घालून आत्या खुर्चीमागे उकिडवी बसली आणि भावाचा कोट तिने मुठीत आवळून धरला. फोटोत तिची चार बोटं तेवढी आली. धाकट्या काकांच्या कमरेशी, मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान. घाईत ते काढायचं राहून गेलं होतं. "मीपण आहे की त्यात," असं ती हसत म्हणायची. मला कधी हसू आलं नाही.

पुढे घरात कॅमेरे आले, लग्नकार्यं झाली. फोटोची वेळ झाली की आत्या नेमकी कोणाचं तरी बटण लावत बसलेली. तिला हाक मारायला कोणाला सुचत नसे. ती वारली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एक फोटो सापडेना. सगळी कपाटं उपसली. आमचं घराणं एवढं फोटोवेडं, आणि जिच्या जिवावर उभं राहिलं तिचा चेहरा म्हणून कुठे नाही.

फोटोतल्या चौघांपैकी आता फक्त धाकटे काका आहेत, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. जुना फोटो पिवळा पडला होता, तो ते नीट करायला देणार होते. मी त्यांना बजावून सांगितलं की बाकी काय हवं ते करा, पण त्या बोटांना हात लावू देऊ नका, आत्याचं तेवढंच उरलंय. ते म्हणाले, लक्षात आहे गं माझ्या.

आठवड्याने फोटो आला, लख्ख. आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. काकांच्या कमरेशी नुसता काळाभोर कोट. माझं डोकंच फिरलं. स्टुडिओवाल्याची खरडपट्टी काढायला मी फोन उचलला, तर काकांनी थांबवलं.

"त्याची चूक नाही. मीच सांगितलं पुसायला. लोक विचारतात, हे कमरेशी काय आहे म्हणून. दर वेळी काय सांगत बसायचं?"

मूळ फोटो कुठे आहे, असं मी विचारलं. त्याला बुरशी धरली होती, म्हणून तिथेच टाकून द्यायला सांगितला, म्हणाले.

मग चष्मा पुसून ते फोटोच्या जवळ गेले आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"कोट काय मापात बसलाय बघ माझा," म्हणाले.