बरं वाटतंय म्हणून परत आणलेल्या गोळ्या

"ताई, या सगळ्या माघारी घ्या. बदल्यात ताकदीचं कायतरी द्या."

आबांनी पिशवी काउंटरवर पालथी केली. न उघडलेल्या स्ट्रिप्सचा ढीग पडला. कुसगावात मी वीसेक वर्षं मेडिकल चालवते. लोक अर्धी संपवलेली च्यवनप्राशची बरणीसुद्धा परत आणतात. हृदयाच्या गोळ्या अख्ख्या परत आणणारे आबा पहिलेच.

आबांची पवनानगरजवळ धरणाच्या काठी कॅम्पसाइट आहे. सहा महिन्यांपूर्वी अटॅक येऊन त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडून तिथे स्टेंट बसवला, जाळीची बारीक नळी. शरीराला ती जाळी परकी असते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, शिवाय कोलेस्टेरॉलची एक. डॉक्टर सांगेपर्यंत एकही थांबवायची नसते.

त्यांच्या पत्नी सुमनमावशी दर महिन्याला न चुकता गोळ्या न्यायच्या. मी इतर पेशंटना ऐकवायचे, "आबांकडून शिका जरा." आता आबांकडून शिकण्यासारखं सगळं काउंटरवर पडलं होतं.

"कधीपासून बंद आहेत?"

"दोन म्हयनं झालं. कायबी झालं न्हाई. उलट लय हलकं वाटतंय."

"बंद करायला कोणी सांगितलं?"

"आपलं इंजिनीअर सायेब. दर मोसमाला येत्यात तंबूत ऱ्हायला. म्हनले, गोळ्या म्हंजी कंपन्यांचा धंदा. सकाळी लिंबू-लसूण घ्या."

"कसले इंजिनीअर आहेत?"

"लिफ्टचं."

लिफ्ट आणि रक्त दोन्ही वर-खाली जातं, एवढा संबंध मला मान्य होता. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला. डॉक्टर म्हणाले, "आबा, आत्ताच्या आत्ता इकडे या."

"सोमवारी येतो. शनवार-रविवार बुकिंग फुल हाय."

डॉक्टर ओरडले. मी विनवलं. आबांनी दोघांनाही माफ केल्यासारखी मान हलवली. "ताकदीचं देत न्हाई ना? मंग दुसरं मेडिकल बगतो." गेले. मी मावशींना फोन करून सगळं सांगितलं; आबा गोळ्या न खाता लपवून ठेवतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या दोन दिवस नवऱ्याशी भांडल्या. आबा बुकिंगवर ठाम.

पुढचं मावशींनीच मला सांगितलं. रविवारी सकाळी तंबूचा दोर ओढताना आबा खाली बसले. छाती धरलेली, अंगाला दरदरून घाम. "गॅस झालाय, सोडा आण," म्हणाले. मावशींनी आरडाओरडा केला. त्या आठवड्यात इंजिनीअर साहेब मुक्कामाला होतेच. ते गाडीकडे धावले आणि एक डबी घेऊन आले. सोमवार ते रविवार, वारानुसार कप्पे पाडलेली. त्यातली रक्त पातळ ठेवणारी एक गोळी काढून आबांच्या तोंडात घातली.

"चावा आबा, चावून खा!"

मावशी त्या अवस्थेतही डबीकडे बघत राहिल्या. "सायेब, ह्या तर ह्यांच्यासारक्याच गोळ्या. तुमी घेता व्हय?"

"मावशी, माझी केस वेगळी आहे. मला डॉक्टरांनी दिल्यात."

"मग ह्यान्ला काय मी दिल्या व्हत्या?"

साहेबांनी गाडी काढली. रविवारची पर्यटकांची रांग कापत, हॉर्नवरचा हात न काढता, त्यांनी आबांना तळेगावच्या हॉस्पिटलात पोचवलं.

स्टेंटमध्ये गुठळी धरली होती. डॉक्टरांनी ती काढली, आबा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. पूर्वी तंबूचं सामान खांद्यावर घेऊन चढ चढणारे आबा आता पाण्यापासून रस्त्यापर्यंत येताना दोनदा बसतात. मावशी समोर उभ्या राहून गोळ्या देतात आणि नंतर "आ करा" म्हणतात. पाहुण्यांदेखत. आबांना फार लाज वाटते. मावशींना अजिबात वाटत नाही.

साहेब अजून येतात. हृदयाबद्दल बोलत नाहीत. हल्ली डायबेटिसवर मार्गदर्शन करतात.

चूक माझीही होती. गोळ्या नेल्या म्हणजे घेतल्या, असं मी धरून चालले. आता मी पेशंटला "घेता ना?" असं विचारत नाही. "रिकाम्या स्ट्रिप्स दाखवा" म्हणते. काही जण चिडतात, मी काय चोर आहे का म्हणतात. चिडू देत. चिडलेला पेशंट पुढच्या महिन्यात भांडायला तरी येतो.