सुईणीच्या अकरा वह्या आणि माझ्या हातची नक्कल

या सदरात येणारे अनुभव मी वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. कुणाला दिवंगत काका दिसतात, कुणाला पैंजण ऐकू येतात... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण जे घडलं त्याचा कागद आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

संस्थान विलीन झाल्यानंतरची चार-पाच वर्षं. मी कोल्हापुरात जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात कारकून होतो. मोडी वाचता येणारे आम्ही दोघंच होतो, त्यातला दुसरा लवकरच रिटायर झाला. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला आमच्याकडे रुमाल म्हणत. त्यातला एक रुमाल द्वारकाबाई नावाच्या सुईणीचा होता. ही बाई संस्थानच्या दवाखान्यात नोकरीला होती, आणि जिथं जिथं बाळंतपणाला जाई तिथली हकिगत घरी आल्यावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवी. अशा अकरा वह्या. बाळंतीण कोण, कोण बोलवायला आलं, वाटेत ओढ्याला पाणी होतं का, मूल रडलं का... तिच्यामागं कुणी नव्हतं म्हणून वह्या दवाखान्याच्या कागदांबरोबर आमच्याकडे आल्या. मी पहिल्या दोनच वाचल्या होत्या. बाकीच्यांची पानं ओलीनं चिकटली होती, ती हलक्या हातानं सोडवायची होती.

तेवढ्यात बाहेरून नवे साहेब बदलून आले. त्यांना जागा हवी होती. निरुपयोगी कागदांची यादी झाली, त्यात हा रुमाल. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, या वह्या राहू द्या. अशा नोंदी दुसरीकडे कुठंच नाहीत."

"कुणाकुणाला पोरं झाली, ते ठेवायला सरकारनं जागा दिलीय का तुम्हाला?"

मी लेखी विरोध दिला. त्यावर त्यांनी 'पाहिले' एवढंच लिहिलं. आणि नाशाच्या वेळी साक्षीदार म्हणून मलाच पाठवलं. जुना कागद भिजवून लगदा करणाऱ्यांच्या हौदात, भर दुपारी, त्या अकरा वह्या मी स्वतः एक एक करून सोडल्या. पहिल्या दोन लगेच बुडाल्या नाहीत. तिथल्या माणसानं त्या बांबूनं खाली दाबल्या. मी सही करून परत आलो. 

पुढं दोन-तीन महिन्यांनी साहेबांनी मला आत बोलावलं आणि एक कागद टेबलावर आपटला. दिवाणी कोर्टाकडून आला होता. द्वारकाबाईच्या सातव्या वहीतल्या एका नोंदीची नक्कल, 'अस्सलबरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणे खरी, असा शेरा, ऑफिसचा शिक्का, खाली माझी सही. कोर्टाला मूळ वही हवी होती.

अक्षर माझं होतं. माझा 'ळ' थोडा आडवा पडतो, तोही तसाच. पण नकलेवरची तारीख वह्या हौदात गेल्यानंतर तीन आठवड्यांची होती. आणि त्या दिवशी मी रजेवर, हातकणंगल्याला बहिणीकडे टायफॉइडनं अंथरुणावर होतो. बहीण दिवसभर उशाशी होती. सातवी वही तर मी कधी उघडलीच नव्हती.

"बनावट कागद देता होय लोकांना?" साहेब म्हणाले.

"मी हा लिहिलेला नाही."

"मग ज्या बाईनं हा कोर्टात दिला, तिनंच बनवला. तसं लिहून द्या, मी तिच्यावर केस करतो."

मला संताप आला. ज्यानं पुरावा बुडवला, तोच आता केस करणार. मी काहीच लिहून दिलं नाही. कोर्टाचं समन्स आलं, त्याप्रमाणे गेलो.

व्हरांड्यात गडमुडशिंगीची तानूबाई भेटली. नवरा साप चावून गेलेला. दीर म्हणत होते, मुलगा नवऱ्यामागं वर्षानं झाला, त्याचा जमिनीत हक्क नाही. वीस वर्षं ती हे गावात ऐकत होती. मला पाहताच उठून म्हणाली, "आलासा? लई उपकार झालं बगा."

"बाई, तुम्ही मला कुठं पाहिलंत?"

"आसं काय करतासा? तुमीच नक्कल दिलीसा की. खिडकीपाशी बसून लिवत हुतासा. मला तांब्याभर पानी दिलंसा."

आमच्या शिपायाला मी आधीच विचारलं होतं. त्यानं त्या दिवशी कुणालाच पाहिलं नव्हतं.

कोर्टात नक्कल वाचली गेली. बाळंतपणाची तिथी, आणि पुढं: 'नवरा कळंब्याच्या तळ्याच्या बांधावर कामाला. रामजी मुकादमाची सायकल मागून मला न्यायला आला. वाटेत चेन दोनदा पडली.' तानूबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती तेव्हा कळा देत होती. रामजी मुकादमाला शोधून आणलं होतं. म्हातारा काठी टेकत उभा राहिला. "व्हय, माजीच सायकल. चेन ढिली हुती तिची. पोरगं झालं म्हनून दुसऱ्या दिशी गूळ घिऊन आलता त्यो."

मग दिरांच्या वकिलानं मला विचारलं, "ही सही तुमची?"

"माझी."

"नक्कल तुम्ही केलीत?"

तानूबाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मीच केली. तारीख चुकून पुढची पडली." जन्मात शपथेवर एवढंच खोटं बोललो.

"मूळ वही कुठं आहे?"

"साहेबांच्या हुकमानं नष्ट केली. माझा लेखी विरोध फाइलला आहे." हे मात्र मी मोठ्यानं सांगितलं.

तानूबाईच्या बाजूनं निकाल लागला. माझी महिन्याभरात रेशनिंगच्या ऑफिसात बदली झाली. साहेबांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

नंतर एकदा बाजारात तानूबाई भेटली, तेव्हा मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, "बाई, तो मी नव्हतो."

ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली. "माजं डोळं फुटल्यात व्हय? तुमीच हुतासा. लिवताना रडत हुतासा, म्हनून तर मी काय बोलले न्हाई."

लोक म्हणतात, तापात उठून गेला असशील. असेन. पण मग मी समोर कोणती वही ठेवून लिहीत होतो, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.