पाच हजारावर येजो

माझा दादा मिस्तरी होता. कुरखेड्यात रस्त्याला लागून त्याचं टिनाचं शेड होतं. ट्रॅक्टर, मोटरसायकली, धान गिरणीचं डिझेल इंजिन, जे येईल ते तो उघडायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. गडचिरोलीत घर केलं, पंचवीस किलोमीटरवरच्या गावात मास्तरकी केली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे आपण म्हणू ते खरं ही खोड मला लहानपणीच लागली. या सगळ्या गोष्टीत नुकसान झालं ते त्या खोडीनं, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

आम्हा भावांचं वाटणीच्या वेळी बिनसलं होतं. बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, खालची धानाची बांधी दोघांनाही हवी होती. पाणी आधी तिला मिळायचं. बांधी दादाकडे गेली आणि माझं त्याच्याकडे जाणं बंद झालं. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तरी एकमेकांकडे पाहायचं आणि तिसऱ्याशीच बोलायचं, असं सात वर्षं चाललं. पगार माझा, बांधी कसणार होतो का मी? पण तेव्हा हे मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

मग मी जुनी मारुती घेतली. एकदा वडश्याहून कुरखेड्याकडे जाताना ती रस्त्यात बंद पडली. कुणीतरी दादाला निरोप दिला. तो मोटरसायकलवर पाना-पेचकस घेऊन आला, माझ्याशी एक शब्द न बोलता बॉनेट उघडलं, ऑईलची काडी बाहेर काढली, टोकाचा थेंब अंगठ्यावर घेऊन चोळला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हे ऑईल हाये का डांबर? कधी बदलवलं होतं?"

मला आठवत नव्हतं. त्यानं एका ट्रॅक्टरला बांधून गाडी शेडपर्यंत ओढून नेली, बिघाड दुरुस्त केला, ऑईल बदललं, आणि मी निघताना म्हणाला, "पाच हजारावर येजो."

वाटणी, बांधी, सात वर्षं, कशाचाच उल्लेख नाही. पाच हजारावर येजो, एवढंच. आणि मी गेलो. माझं रोजचं जाणंयेणं पन्नास किलोमीटर, म्हणजे साधारण चार महिन्यांत पाच हजार व्हायचे. वर्षातून तीन वेळा मी कुरखेड्याला जाऊ लागलो. लोक विचारत, गडचिरोलीत काय मिस्तरी मेले का, ऑईल बदलायला एवढं लांब काऊन जाता गुरुजी? मी म्हणायचो, दादाचा हात चांगला आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं आमचं दोघांचंही चाललं होतं. भेटायचं होतं, पण भेटायला आलो असं म्हणायची दोघांचीही तयारी नव्हती. ऑईलचं काम मध्ये होतं म्हणून बरं होतं.

दादाची एक पद्धत होती. इंजिन गरम असतानाच तो गाडीखाली बारदाना टाकून सरकायचा आणि चेंबरचा नट खोलायचा. गरम ऑईल धावते, म्हणायचा. धार संपली की इतर मिस्तरी नट लावून मोकळे होतात. दादा नाही. थेंब थेंब पडत राहायचं ते पूर्ण थांबेपर्यंत तो नट हातात घेऊन बसायचा. तासभर तरी जायचा. शेडच्या बाजूला बेहड्याच्या झाडाखाली बाज होती, तिच्यावर आम्ही बसायचो. तो तासच खरी भेट होती. रोवणी कशी झाली, हत्ती कोणत्या गावाकडे गेले, कुणाची मुलगी कुठे दिली, असलंच सगळं. बांधीचा विषय कधी निघाला नाही, पण तिच्यातले तांदूळ मात्र गाडीच्या डिक्कीत दर खेपेला असायचे. वहिनी लाखोरीची डाळ आणि भात वाढायची. मजुरी तो घ्यायचा नाही. त्याऐवजी काढलेलं काळं ऑईल ठेवून घ्यायचा. घराच्या आणि गोठ्याच्या लाकडी खांबांना ते फासलं की उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

असं सहा वर्षं चाललं. मग मी शहाणा झालो.

शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं सिंथेटिक ऑईलचं सांगितलं. मी मोबाईलवर पाहिलं, दुकानात जाऊन डब्यावरचा मजकूर वाचला, गाडीसोबतची पुस्तिका काढली. साधं ऑईल उष्णतेनं लवकर मोडतं, सिंथेटिक टिकतं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी डबा घेऊन कुरखेड्याला गेलो आणि बाजेवर बसून दादाला अर्धा तास धडा समजावला. त्यानं मधासारखं पिवळं ते ऑईल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

"पातळ हाये बाबू."

"पातळच असतं दादा. म्हणून तर इंजिन सुरू होताच वर पोचतं."

"ऑईल टिकत असंल, मी नाई नाई म्हनत. पन धूळ? आपल्या रस्त्यावर ट्रकाच्या मांगं चालतेस तू. ते धूळ, ते काजळी त्या ऑईलमंदीच जाते ना? ते थोडी म्हनते का, हे महागाचं ऑईल हाये, याच्यात जाऊ नोको?"

मी हसलो. कंपनीच्या इंजिनिअरांना हे कळत नसेल का, असं म्हणालो. दादानं ऑईल भरलं, फिल्टर बदललं, नेहमीपेक्षा सावकाश. मी गाडीत बसलो तेव्हा खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "तरी पाच हजारावर येजो. बदलवू नोको, पाहून तं घेऊ."

"त्याची काही गरज नाही दादा," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हे वाक्य गेलं. आज साठी ओलांडलेला माणूस आहे मी, पण ते आठवलं की अजून लाजेनं कान तापतात.

त्याहून वाईट पुढे आहे. घरी आल्यावर मी पुस्तिका पुन्हा उघडली, आपण किती बरोबर होतो हे पुन्हा वाचायला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: धुळीचे रस्ते, जड ओझं किंवा वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या असतील तर ऑईल निम्म्या अंतरावर बदलावं. निम्मं म्हणजे पाच हजार. तिसरी शिकलेला माझा दादा आणि कंपनीचे इंजिनिअर एकच सांगत होते. मी पुस्तिका मिटून गाडीच्या कप्प्यात ठेवली. त्याला फोन करून "तुझंच बरोबर होतं" म्हणायला दोन मिनिटं लागली असती. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी एकदा, असं जाणं होऊ लागलं. मग मी निवृत्त झालो आणि गाडीला कामच उरलं नाही. भाजी बाजार, दवाखाना, बँक. दोन किलोमीटर जायचं, दोन किलोमीटर यायचं. वर्षाला तीन हजार सुद्धा होईनात. मग मी नवा हिशेब काढला: गाडी चालतच नाही तर ऑईल खराब कसं होणार? वर्ष झालं तरी काय बिघडतं? वर्षानंतरचा एक महिना गेला, दुसरा गेला. खरं सांगायचं तर कंबर दुखायची, वडश्यापर्यंत रस्ता खोदलेला होता, कंटाळा यायचा. कंटाळ्याला मी सिंथेटिकचं नाव दिलं.

एके दिवशी दादाचा फोन आला. तो फोन फार करायचा नाही.

"गाडी किती चालली?"

"फार नाही. दोन-अडीच हजार."

"थोडं थोडं चालवतेस न तू? इंजिन पुरं गरम होत नाई मंग. ऑईलमंदी पानी धरते."

"काही होत नाही दादा, सिंथेटिक आहे."

तो म्हणाला, "गोठ्याच्या खांबाईले उधई लागली बाबू. ऑईल नाई घरी."

आता कुणीही सांगेल की तो मला बोलवत होता. मिस्तरीच्या शेडमध्ये काळ्या ऑईलचा तोटा असतो का? रोज दोन मोटरसायकली यायच्या त्याच्याकडे. पण आमचं सगळं बोलणं ऑईलच्या आडूनच व्हायचं. त्यानं हाकही तशीच मारली आणि मी ऐकलं ते फक्त ऑईल. मला वाटलं, खरंच बिचाऱ्याची अडचण झाली, माझ्यामुळेच झाली. मी लगेच बसस्टँडजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो, पाच लिटरचा डबा भरून काळं ऑईल मागून घेतलं, झाकण घट्ट बांधलं आणि कुरखेड्याच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. दादाला फोन केला, बस पोचेल तेव्हा स्टँडवर उतरवून घे. घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, त्याचं काम अर्ध्या दिवसात करून टाकलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "भेटलं."

"पुरेल ना?"

"पुरते." मग त्यानं विचारलं, "कोन्या गाडीचं हाये?"

"इथल्याच एका गॅरेजमधलं आहे," मी म्हणालो.

"बरं," दादा म्हणाला. ते आमचं शेवटचं बोलणं.

धान कापणी सुरू होती तेव्हा शेजाऱ्याचा फोन आला. दादा सकाळी शेडमध्ये गेला, बाजेवर बसला आणि आडवा झाला. वहिनी चहा घेऊन गेली तोवर संपलं होतं. मी गाडी काढली. त्या खोदलेल्या रस्त्यानं मी दोन तासांत पोचलो. कंबर दुखली की नाही, मला आठवत नाही.

तेरवीच्या दिवशी दुपारी पाहुणे निघून गेले. दादा-वहिनीला मूलबाळ एकच, सिरोंच्याकडे दिलेली मुलगी. ती आत झोपली होती. वहिनी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. तेरा दिवसांत ती माझ्याशी फारशी बोलली नव्हती. मला वाटलं दुःखामुळे.

"भाऊजी, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना वहिनी."

"गडचिरोलीले कोन्या मिस्तरीकडं ऑईल बदलवता तुमी?"

मला प्रश्नच कळला नाही. "कुणाकडेच नाही," मी म्हणालो.

"त्याईले लय लागलं होतं ते. डबा आला त्या दिवशी जेवले नाई. म्हनत, दुसऱ्या मिस्तरीनं काढलेलं ऑईल मले पाठवते तो. माह्या हाताचं काम त्याले पसंत नाई आता. मी म्हटलं, फोन करून इचारा. तं म्हने, काय इचारू? गॅरेजचं हाये म्हनून त्यानंच तं सांगतलं."

मी तिला सगळं सांगितलं. ते ऑईल माझ्या गाडीचं नव्हतंच, लोकांच्या गाड्यांचं होतं, मागून आणलेलं. माझ्या गाडीत अजून दादानंच भरलेलं ऑईल आहे. सव्वा वर्ष झालं, त्याला कुणी हात लावलेला नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सव्वा वर्स?"

"हो वहिनी. सिंथेटिक आहे ते. टिकतं."

"असू द्या भाऊजी," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, समजूत काढल्यासारखं बोलत होती. "मानूस गेला, आता खोटं कायले बोलता? मिस्तरीची बायको हाये मी. सव्वा वर्स ऑईल न बदलवता कोनी गाडी चालवते का?"

मी पुस्तिकेतली ओळ सांगणार होतो. दहा हजार किंवा एक वर्ष. पण एक वर्ष कधीच होऊन गेलं होतं, आणि खालची बारीक ओळही मला पाठ होती.

वहिनी उठली आणि चुलीकडे गेली. "जेवून जाजा," तिनं आतून सांगितलं.

मी जेवलो. माझा भाऊ मला परका समजून गेला, आणि मी दुसऱ्या कुणाकडे गेलो नव्हतो, नुसता आळशी आणि हट्टी होतो, हे आता मला कुणालाच पटवून देता येत नाही.