सामन्याआधीची थोबाडीत

सामन्याला निघालो की बायको मला थोबाडीत मारायची. खोटं नाही सांगत. दारात उभं करून, पदर खोचून, डाव्या गालावर. कानात भुंगा शिरायचा.

मी भाताच्या गिरणीतून सुटलो आणि घर खायला उठलं. तेव्हा राजवाड्यामागच्या बोळात, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर पूलचं टेबल आलं. लांब काठी, रंगीत गोळे, कडेला खिसे. मला जमलं. गिरणीच्या पट्ट्यानं करंगळी तोडून नेलेली, पण नजर शाबूत होती. पहिल्या स्पर्धेच्या सकाळी मात्र हात असा लटपटला की कॉफी मांडीवर सांडली. मागे अंगणात जाऊन ओकलो.

ती मागोमाग आली. "अहो, पोत्यांच्या थप्पीखाली माणूस चिरडलेला बघितलात, तेव्हा नाही भ्यालात. आता गोळ्यांना भिता?"

"मी जात नाही," म्हटलं.

तशी ठेवून दिली. गाल पेटला, हात थांबला. त्या दिवशी जिंकून आलो आणि रीतच पडली. कॉफी, थोबाडीत, मग सामना. भीती डोक्यात राहते. गाल जळायला लागला की डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मला एवढंच कळतं.

यंदा पोंगल झाला आणि ती गेली. सांबार उतरवताना कोसळली, पातेलं तिच्याच अंगावर. मी उघड्या हातांनी उकळतं सांबार पुसत बसलो, ती केव्हाच गेली होती. सांत्वनाला आलेला एक जण म्हणाला, "पुण्यवान बाई, सवाष्ण गेली." त्याचा गळा धरला. माझ्या पोरानं माझी बोटं सोडवली. मग ते पातेलं अंगणात नेऊन मुसळानं ठेचलं, पत्रा होईपर्यंत. रडू मात्र आलं नाही. तेव्हापासून हात हलतो तो हलतोच.

आमच्या माळ्यावरून दरवर्षी चार जण तिरुचीला खेळायला जातात. शेवटच्या जागेसाठी यंदा मी आणि एक वेल्डर, असा सामना लागला. ती जागा मला हवी होती. जागा गेली की घर राहतं, आणि घरात बायकोची खाट.

सकाळी पोराला म्हटलं, "मार."

"अप्पा, वेड लागलं काय?"

"आई मारायची ते चालायचं तुला. मार!"

"बापावर हात टाकू? कुठं फेडू हे पाप?"

शेवटी त्यानं माझा गाल थोपटला, तान्ह्या पोराचा थोपटावा तसा. त्यालाच एक लगावली आणि निघालो.

वेल्डर म्हणजे खांद्यानं रेडा. माझा हात बघून हसला. "थाता, घरी जा. रसमभात खाऊन झोप." थाता म्हणजे आजोबा. मला हसू नको होतं, मार हवा होता.

"तुझं तोंड कुणी जोडलं रे? टाका वाकडा बसलाय," मी म्हटलं.

तो आणखीच हसला. तेव्हा काठीचा बुंधा त्याच्या पोटात खुपसला. त्यानं थोबाडीत नाही मारली, ठोसा मारला. ओठ फाटला, दात तोंडात सुटा झाला. मी काठी त्याच्या नडगीवर घातली, काठीच मोडली. त्यानं मला गचांडी धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. टेबलाचा मालक ओरडला, "बाहेर! दोघंही बाहेर!"

मी जमिनीवर बसलो होतो, आणि मला रडू फुटलं. सुरा फिरल्यावर जनावर ओरडतं तसा ओरडलो. मार लागला म्हणून रडतोय असं सगळ्यांना वाटलं. वेल्डरचा चेहरा पांढरा पडला.

"थाता, एवढं लागलं?"

"मारानं नाही रे, गाढवा. बायको मेली माझी."

तो शेजारी बसला. मग मालकाला म्हणाला, "खेळू दे त्याला. नाहीतर मीही खेळत नाही."

हात आता थांबेल अशी माझी समजूत होती. नाही थांबला. तसाच हलत राहिला. पण घाई गेली होती. गिरणीचा पट्टा डुलतो, तेव्हा तो परत जागेवर येईतो थांबायचं आणि मगच हात घालायचा. न थांबता एकदा घातला तेव्हा करंगळी गेली. तसाच हाताच्या येण्याजाण्यावर डोळा ठेवला, तो जागेवर आला की मारलं. गोळे खिशात ठोकत गेलो. हिरव्या कापडावर रक्त ठिबकत होतं, मालक शिव्या घालत होता. शेवटी काळा उरला. तोही पडला. पण मी जोर जास्त लावला होता, त्याच्या मागोमाग, ज्यानं बाकीचे मारायचे तो पांढराही खिशात गेला. असं झालं की हार.

"जागा याची," मालक वेल्डरकडे बोट करून म्हणाला.

"द्या," म्हटलं.

वेल्डर नडगी चोळत विचारतो, "थाता, तिरुचीला बघायला येशील?"

"बघायला कशाला? हरशील तिथं. पहिल्या फटक्याला गोळे फोडतोस ते अगदीच कच्चं. लाव परत."

त्यानं गोळे लावले. मी दुसऱ्या कुणाची तरी काठी घेतली, दात थुंकला, आणि हात जागेवर आल्यावर फटका असा हाणला की एक गोळा टेबलावरून उडून खिडकीच्या काचेतून खाली बोळात गेला. मालक जिना उतरत धावला. वेल्डर टेबलाभोवती फिरून कुठला गोळा मारू ते बघायला लागला.