पुठ्ठ्यावरचं नाव

आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट घडली, हे तिचा फोटो गेल्याशिवाय कोणी मानत नाही. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. जंताच्या गोळ्या गिळल्या, आ करून फोटो. तोही साधा चालत नाही, जिओ टॅगचा लागतो, म्हणजे फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून आलेलं असतं. मुलांना काय कळलं, हे आजवर एकाही साहेबाने विचारलेलं नाही. दुपारी तीनच्या आत फोटो गेला नाही, तर मात्र तालुक्याच्या ग्रुपवर शाळेचं नाव ‘अपूर्ण’च्या यादीत येतं आणि हेडसरांच्या कपाळावरची शीर उडायला लागते.

मी दारव्हा या तालुक्याच्या गावी राहते आणि बाजूच्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मला मोबाइलमधलं कळतं, असा माझा लौकिक आहे. म्हणून शाळेचं ऑनलाइन पानही मीच सांभाळते. त्या दिवशी सकाळी आदेश आला की मुलांना ऑनलाइन सुरक्षिततेची माहिती द्यावी, पोस्टर स्पर्धा घ्यावी, फोटो पाठवावेत आणि उपक्रमाला व्यापक प्रसिद्धी द्यावी. हे सगळं अर्थातच तीनच्या आत.

शिकवलं मी चांगलं. खोटी नम्रता कशाला दाखवू? आपलं नाव, आपली शाळा, आपलं गाव आणि आपण कुठल्या गाडीने येतो-जातो, या चार गोष्टी म्हणजे घराच्या चार भिंती, त्या अनोळखी माणसाला दाखवायच्या नाहीत, असं मी फळ्यावर घराचं चित्र काढून सांगितलं. फोटो सगळ्या जगाला दिसेल असा टाकायचा नाही, हेही सांगितलं. पोरं हसत होती, विचारत होती, ऐकत होती. मग किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि त्यांवर पांढरे कागद चिकटवून सगळे पोस्टरं करायला बसले.

तेवढ्यात हेडसर दारातून म्हणाले, “मॅडम, पुठ्ठ्याच्या खाली प्रत्येकाचं नाव, वर्ग, गाव घ्या बरं. मोठ्या अक्षरात. मागच्या वेळी फोटोत नावं वाचता येत नव्हती, तर मले फोन आलता.”

दहावीतली एक मुलगी उभी राहिली. ती शेजारच्या खेड्यातून जीपने यायची आणि तिसऱ्या बाकावर बसायची. तिचं अक्षर इतकं सुंदर की शाळेचे सूचनाफलक आम्ही तिच्याकडूनच लिहून घ्यायचो. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही आत्ताच त सांगतलं न, नाव-गाव कोणाले दाखवू नये म्हणून. मंग खाली नाव कायले लिहायचं?”

मी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. मी म्हटलं, “अगं, ते ऑनलाइनचं. हे शाळेचं आहे. डोकं चालवू नकोस, लिही.” वर्ग हसला. तिचे कान लाल झाले. ती खाली बसली आणि तिने नाव, वर्ग, गाव लिहिलं, काळ्या स्केचपेनने, शाळेच्या फलकावर लिहायची तितकंच सुबक.

स्पर्धेत पहिल्या आलेल्या तिघींना मी मैदानात उभं केलं, त्यांत तीही होती. तिच्या पुठ्ठ्यावर होतं, ‘अनोळखी व्यक्तीला आपली माहिती देऊ नका’. पुठ्ठा वाऱ्याने वाकत होता, म्हणून मी बाजूला उभी राहून त्याचा वरचा कोपरा अंगठ्याने दाबून धरला. शिपाईभाऊंनी फोटो काढला. तो मी ग्रुपवर पाठवला आणि व्यापक प्रसिद्धी म्हणून शाळेच्या पानावरही टाकला, सगळ्या जगाला दिसेल असा. भराभर अंगठे आले. ‘स्तुत्य उपक्रम’ असं कोणीतरी लिहिलं. मी खूश होते.

दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या आणि ती शाळेत येईनाशी झाली. आठवड्याने मी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारलं. ती चाचरत म्हणाली, “मॅडम, तिच्या नावाचं खातं निघालं मोबाइलमधी. तिचा फोटो हाय त्याच्यावर. घाण घाण लिहून राह्यलं कोणी. तिच्या गावातल्या पोट्ट्यायनं पाह्यलं.”

आणि मी काय केलं? भर वर्गात म्हटलं, “एवढा घसा फोडून सांगितलं, त्याचा काय उपयोग? दिला असेल कोणाला तरी फोटो!” चहाच्या सुट्टीत हेडसर “आजकालच्या पोरी” असं म्हणून मान हलवत होते, तेव्हा मीही मान हलवली. वर्गातली ती दोन वाक्यं मी लिहून ठेवते आहे, कारण ती माझ्या घशाखाली अजून उतरलेली नाहीत.

नंतर मी ते खातं शोधलं. फार शोधावं लागलंच नाही. तिचं पूर्ण नाव टाकलं आणि आलं. फोटो कापून फक्त तिचा ठेवला होता. पुठ्ठ्यावरची सूचना पांढऱ्या रंगाने झाकली होती, खालचं नाव, वर्ग आणि गाव मात्र राहू दिलं होतं. त्याखाली ती पट्टीही होती, अक्षांश-रेखांशासकट. तिच्या तोंडी घातलेली वाक्यं मी इथे लिहिणार नाही. वरच्या कोपऱ्यात पुठ्ठा दाबून धरलेला एक अंगठा होता. त्याला औषधी पट्टी लावलेली होती. त्या आठवड्यात नारळ खवताना माझा अंगठा कापला होता.

तिने फोटो कोणाला दिलाच नव्हता. मी दिला होता.

मी हेडसरांकडे गेले. फोटो आपला आहे, हे ऐकून त्यांनी आधी दार लोटलं. “पानावरून काढून टाका आणि गप्प राहा. लेखी तं कुठंच काही देऊ नका. शाळेची बदनामी होईल.” मी म्हटलं, “सर, बदनामी झालेलीच आहे. ती एकट्या पोरीची झाली म्हणून तुम्हाला दिसत नाही.” माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला, असं शिपाईभाऊ नंतर म्हणाले. जाऊ दे म्हटलं. फोटो मी काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्याच्या हातात गेलेला होता.

रविवारी जीपने मी तिच्या गावाला गेले. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्याखाली फळीवर हिची दहावीची पुस्तकं नीट रचून ठेवलेली. ती आणि तिची आई नुकत्याच शेतातून परतल्या होत्या. शाळा सुटल्यापासून ती आईसोबत रोजाने कापूस वेचायला जात होती. बोंडांनी तिची बोटं ओरखडली होती. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतात. शाळेच्या मॅडम आल्या म्हणून त्यांनी खुर्ची धोतराच्या टोकाने पुसून दिली. त्या मानाची मला इतकी लाज वाटली की मी उभीच राहिले.

“भाऊ, तिच्याकडे मोबाइल आहे का?”

“कायचा मोबाइल जी? एक बटनाचा हाय, तो बी माह्यापाशी रायते.” त्यांनी तो खिशातून काढून दाखवला. “पोट्टीनं कायी केलं नाही, हे मले माहीत हाय मॅडम. पण मी कोणाकोणाले सांगू? लोकं तोंडावर बोलत नाही, मांगून बोलते. मंग म्हटलं, राहू दे घरी. इच्या मामानं एक जागा बी सांगतली लग्नाची.”

तिला सोळा वर्षंही पूर्ण नव्हती. मी सगळं सांगितलं. फोटो शाळेतला आहे, मी टाकला, नावही मीच लिहायला लावलं. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, “मंग तुमी काहून टाकला?”

“वरून आदेश होता, ताई.”

“आमाले त कोणी विचारलं नाही न.”

या बाईने एका वाक्यात जे विचारलं, ते आमच्या एकाही आदेशात, एकाही प्रशिक्षणात, एकाही पीपीटीत मी पाहिलेलं नाही. लेकरू त्यांचं, नाव त्यांचं, गाव त्यांचं, आणि परवानगी मात्र तालुक्याच्या ग्रुपची! मुलगी दाराशी बसून बाहीला चिकटलेला कापूस काढत होती. मी तिला म्हटलं, “तू विचारलं होतंस मला.” ती वर न पाहता “हो” म्हणाली.

वडिलांनी मोबाइल परत खिशात ठेवला. “मॅडम, हे तुमी आता आमच्यासमोर बोलल्या. चार लोकांसमोर बोलसान काय? बोलसान त धाडतो पोरीले.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिघांसोबत पोलीस ठाण्यात गेले. तक्रार लिहून घेणाऱ्याने मान वर न करता तिला विचारलं, “कोणाले पाठवला होता फोटो?” ती बोलायच्या आत मी म्हटलं, “तिने नाही, मी पाठवला. सगळ्या जगाला पाठवला. तसंच लिहा, मी सही करते.” तेव्हा त्याने मान वर केली. संध्याकाळी त्यांच्या गावात, ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसांपुढे मी तेच पुन्हा बोलले. एक म्हातारा म्हणाला, “म्हणजे मास्तरनीनंच केलं म्हना.” मी म्हटलं, “हो, मास्तरणीनेच केलं.” ते खातं काही दिवसांनी बंद झालं. ते कोणी उघडलं, हे आजतागायत कळलेलं नाही. मामाने सांगितलेलं स्थळ वडिलांनी नाकारलं आणि पुढच्या सोमवारी ती शाळेसमोर जीपमधून उतरली.

आता खरी कमाल ऐका. पोलीस तक्रारीची बातमी तालुक्यापर्यंत पोचली असावी, कारण पंधरा दिवसांत नवा आदेश आला. असे प्रकार टाळण्यासाठी ऑनलाइन सुरक्षिततेचा विशेष कार्यक्रम पुन्हा घ्यावा. जिओ टॅग फोटोसह अहवाल सादर करावा. मी तो दोनदा वाचला आणि फोन टेबलावर इतका जोरात आपटला की काचेला तडा गेला.

कार्यक्रम घेतला. पुठ्ठे आणले नाहीत. मी वर्गाला आधी सांगितलं की त्या दिवशी मी हिला ओरडले आणि तुम्ही हसलात, तेव्हा बरोबर ती होती, चूक मी होते. मग विचारलं, “पहिला नियम कोण सांगेल?” तिसऱ्या बाकावरून ती उठली.

“आपलं नाव-गाव कुठंच लिहायचं नाही,” ती म्हणाली. मग माझ्याकडे सरळ पाहत तिने पुढचं सांगितलं, “कोणी बी म्हटलं तरी. मॅडमनं म्हटलं तरी.”

हेडसर दारात मोबाइल वर धरून उभे होते. पावणेतीन झाले होते. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं, खडू घेतला आणि तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. खाली कोणाचंही नाव लिहिलं नाही. तालुक्याच्या ग्रुपवर आमची शाळा त्या कार्यक्रमासाठी अजून ‘अपूर्ण’ आहे.