‘टोळी कुठंय’ची वनिता

दिवाळीचा फराळ संपायच्या आत शिरूर कासारच्या पलीकडच्या त्या वस्तीवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पेटी, भांडी, अंथरुणं ट्रॉलीत चढतात, दारांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला निघून जातात. ती परत येतात उन्हाळा लागल्यावरच. मागं राहतात म्हातारी माणसं. आणि गेल्या काही हंगामांपासून वनिता साळवे.

वनिताचं वय काही मागं राहण्याचं नव्हतं. तीही नवऱ्याबरोबर, अंगदबरोबर, तोडीला जायची. एका हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिचा पाय सटकला आणि कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ओझं उचलणं कायमचं बंद झालं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तेव्हापासून अंगद एकटाच, अर्धा कोयता म्हणून जाऊ लागला. मूलबाळ नव्हतं. घरात वनिता आणि तिचा रेडिओ.

ती बारावी झालेली होती, संगणकाचा कोर्सही केलेला होता. शिरूरच्या एका ऑनलाइन सेंटरवर तिला फॉर्म भरायचं काम मिळालं. सेंटरवर म्हातारी माणसं फॉर्मासाठी यायची आणि जाता जाता विचारायची, “बाई, आमच्या पोराला फोन लावून देतीस का? कुठं हाय कुणास ठाऊक.” टोळ्या एका जागी थांबत नाहीत. एका कारखान्याचा ऊस संपला की मुकादम त्यांना दुसरीकडं हलवतो. आज कोल्हापूरकडं, उद्या पार बेळगावकडं. मागच्यांना पत्ता लागत नाही.

वनितानं मुकादमांना फोन करून त्यांच्या टोळ्या कुठं उतरल्यात ते विचारायला सुरुवात केली आणि एक साधी वेबसाइट केली. नाव ठेवलं ‘टोळी कुठंय’. मुकादमाचं नाव टाकलं की टोळी कोणत्या गावाजवळ आहे ते दिसायचं, कोप्यांचे, म्हणजे टोळीच्या झोपड्यांचे, फोटो दिसायचे, निरोप ठेवता यायचा. साइटसाठी जागा घेऊन दिली मुबीननं. त्याचं बीडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं सगळ्यात साधी, अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात तशी जागा घेतली. सुरुवातीला तेवढी पुष्कळ होती. पहिल्या हंगामात आपल्या वस्तीचे आणि शेजारच्या दोन गावांचे लोक तेवढे ती बघायचे.

मग साइटवर पाटोद्याच्या टोळ्या आल्या, धारूरच्या आल्या, परळीकडच्या आल्या. दिवसभर वनिताचा फोन वाजायचा. मुकादमांशी बोलून बोलून तिचा घसा बसायचा. सगळे तिच्याशी दुसऱ्यांविषयीच बोलायचे, पण बोलायचे. घरी आल्यावर चुलीपुढं बसून ती निरोप वाचत जेवायची. कुणाची शेळी व्याली, कुणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिच्यासाठी निरोप नसायचा, त्याचं तिला त्या वेळी काही वाटत नव्हतं.

डिसेंबरात सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीचे तक्रारीचे मेल यायला लागले. साइट संथ झाली, कधी कधी नुसतं पांढरं पान दिसायचं. तिनं मुबीनला फोन केला. त्यानं बघितलं आणि तिला समजेल असं सांगितलं.

“ताई, लाइटीच्या एका डीपीवर धा जणांच्या पाण्याच्या मोटारी हायत असं समजा. तुमची मोटार आता लई मोठी झाली. तुमी चालू केली की बाकीच्यांचं व्होल्टेज पडतंय. म्हणून कंपनी तुमचीच वायर काढती. आता सवती डीपी घ्यावी लागल.”

म्हणजे स्वतःचा वेगळा सर्व्हर. वनिता म्हणाली, हंगाम संपू द्या, मग बघू. तोवर तिनं फोटो लहान केले, जुने निरोप काढून टाकले. काढताना एकेक वाचला. थोडे दिवस साइट बरी चालली.

जानेवारीत एका सकाळी फोनाफोनी सुरू झाली. पश्चिमेकडं कुठंतरी कारखान्याजवळ बीडच्या टोळीचा ट्रॅक्टर उलटला होता. कोणती टोळी, कुणाची, कुणालाच माहीत नव्हतं. जिल्ह्यात ज्याच्या हातात फोन होता त्यानं ‘टोळी कुठंय’ उघडली आणि साइट बंद पडली. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती, ठरलेली मर्यादा संपली म्हणून. कंपनीकडून उत्तर आलं की खातं तात्पुरतं थांबवलं आहे, मोठी योजना घ्या, चोवीस तासांत सुरू करू.

वस्तीवरची म्हातारी माणसं वनिताच्या दारात जमली. शेजारची केशरबाई अनवाणीच आली होती. तिचा शहादेव आणि सून दोघंही तोडीला होते. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

मुबीननं लावलेल्या सवयीनं वनिता दर आठवड्याला सगळ्या साइटची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. ती तिनं उघडली आणि मुकादमांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. लागला की मोठ्यानं सांगायची, यांची टोळी नीट आहे. ऐकलेला माणूस खाली बसायचा. शहादेवची टोळी नीट होती. केशरबाईनं तेव्हा पाणी मागितलं.

अंगदचं नाव वनितानं शेवटी घेतलं. त्याचा फोन बंद होता, मुकादमाचाही बंद होता. अपघात कोणत्या कारखान्याजवळ झाला ते एव्हाना एका मुकादमाकडून कळलं होतं, आणि त्याच्या अगदी जवळच्या गावाचं नाव तिच्या नोंदीत अंगदच्या टोळीपुढं होतं. दारातली माणसं तोवर पांगली होती. ज्याला त्याला आपलं माणूस मिळालं होतं. केशरबाईही लेकाशी बोलायला म्हणून घरी गेली. वनिता फोन लावत राहिली.

दुपारनंतर कळलं की उलटलेला ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यातल्या टोळीचा होता. एक बाई दगावली होती. तिचा भाऊ सकाळपासून वनिताची साइट उघडायचा प्रयत्न करत होता, हेही नंतर कुणीतरी सांगितलं.

संध्याकाळी अंगदचा फोन आला.

“कुठं हायत तुमी?” वनितानं विचारलं.

“आता तिथं न्हाई आमी. टोळी हलली की. कवाच हलली, बेळगावकडं आलोत. बॅटरी उतरली व्हती.”

“मला कावून सांगितलं न्हाई?”

“मुकादमाला म्हणलो व्हतो कळवा म्हणून. ऱ्हायलं आसंल. तुला कुणी ना कुणी सांगतंच की.”

तिनं जेवलात का विचारलं. त्यानं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिनं लॅपटॉपवर अंगदच्या टोळीपुढचं गाव खोडून नवं लिहिलं. जिल्हाभरच्या टोळ्या तिनं पाठ केल्या होत्या आणि हे एवढं गाव तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मुबीनला सांगितलं, हंगाम संपायची वाट बघायची नाही. खर्चासाठी शिरूरच्या दोन शिक्षकांनी वर्गणी काढली. रविवारी मुबीन मोटारसायकलवर आला, बायकोनं, जोयानं दिलेला डबा घेऊन. दोघं दिवसभर बसले. फाइली नव्या सर्व्हरवर चढवल्या, निरोपांचा साठा हलवला, मग साइटचं नाव नव्या जागेकडं वळवलं. मुबीननं सांगितलं की एक दिवस काहींना जुनं पान दिसेल, काहींना नवं. आणखी एक गोष्ट त्यानं करून दिली. मुकादमांना आणि वनिताला आता एकमेकांना फोन करायची गरज नव्हती, टोळी हलली की त्यांनी आपल्या फोनवरूनच गाव बदलायचं.

“तुमचा घसा वाचला, ताई,” तो म्हणाला.

निघताना तो तिला सवयीनं विचारून गेला की एकट्या राहता, भ्या वाटत नाही ना. ती नाही म्हणाली.

साइट पळायला लागली. नवी गावं आली, शेजारच्या जिल्ह्यातल्या टोळ्याही आल्या, पण पान एकदाही पांढरं पडलं नाही. आणि वनिताचा फोन वाजायचा थांबला. पहिले काही दिवस तिला वाटलं रेंज गेली आहे. ती अंगणात जाऊन फोन वर धरून बघायची. सेंटरवर येणारी माणसं फॉर्म भरून सरळ निघून जायची, त्यांच्या फोनात सगळं दिसत होतं.

फेब्रुवारीत तिनं अंगदला फोन लावला. तो उसाच्या फडात होता, धापा टाकत बोलला.

“काय झालं?”

“काही न्हाई. कसे हायत, विचारावं म्हणलं.”

“आगं, साइटवर दिसतंय की. मुकादमानं कालच टाकलंय.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता दम लागलेला होता. कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो संध्याकाळी करतो म्हणाला. संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. थकून झोपला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते खरंही असावं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस सेंटरवरून लवकर सुटल्यावर ती घरी न जाता केशरबाईकडं गेली. अपघाताच्या दिवसानंतर केशरबाई तिच्याकडं आली नव्हती. म्हातारी भिंतीला टेकून उन्हात बसली होती. वनिताला बघून तिला नवल वाटलं. का आलीस, असं तिनं विचारलं. वनिता म्हणाली, सहज आले, मावशी.

केशरबाईनं तिला जवळ बसवलं आणि लेकानं घेऊन दिलेला फोन कमरेच्या पिशवीतून काढला. अंगठ्यानं दाबत दाबत तिनं पान उघडलं, वनितानंच बनवलेलं.

“हे बघ,” ती म्हणाली, “ह्याच्यात दिसतंय. माझा शहादेव इथं हाय आता. गावाचं नाव वाच बरं, मला नीट लागत न्हाई.”

वनितानं फोन हातात घेतला आणि नाव वाचून दाखवलं. केशरबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग फोन कसा उघडायचा, कुठं दाबायचं, हे तिनं वनिताला सगळं सांगितलं. वनिता हं हं करत ऐकत राहिली.